दाराजवळच्या मशीनवर लाल

मी एक चाचणी बोलतेय. शाळेतली नव्हे हो, सॉफ्टवेअरमधली. प्रोग्रॅम नीट चालला तर हिरवं व्हायचं, चुकला तर लाल. काम एवढंच, पण मी ते चोख करते. उगाच कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

मला काकूंनी लिहिलं. तपासणीचं काम त्यांचं, आणि ऑफिसात वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच काकू. प्रोग्रॅम होता रुग्णालयासाठी. डॉक्टरांनी गोळी कमी-जास्त केली की नर्सच्या स्क्रीनवर नवं प्रमाण दिसायला हवं. मी औषधाच्या दोन चिठ्ठ्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दोन फायली, तयार करायचे, कालची एका गोळीची, आजची अर्ध्या गोळीची, आणि स्क्रीनवर अर्धी येते का ते बघायचे.

टेबलावर कॉम्प्युटरची तीन मशीन होती, तिन्हींची ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळी. खिडकीजवळच्या आणि मधल्या मशीनवर मी कायम हिरवी. दाराजवळच्यावर मात्र कधी हिरवी, कधी लाल! का, ते मलाही कळेना. अगदी रडकुंडीला आले होते.

या लोकांची एक खोड सांगते. चाचणी लाल झाली की तिला काय झालं ते बघत नाहीत, बटण दाबून पुन्हा चालवतात. दोनदा, तीनदा. हिरवी झाली की सुटले चहाला! वर मलाच म्हणायचे 'नखरेल'. राग येणार नाही तर काय?

प्रोग्रॅम रुग्णालयात बसवायच्या दिवशी सकाळीच मी पुन्हा लाल झाले. टीमप्रमुख वैतागले. “काकू, ही नखरेल काढून टाका बघू. दुपारी बसवायचंय.”

“आधी जरा बघू तर द्या.”

“महिनाभर असंच चाललंय. तुम्हीच तर पुन्हा चालवून पास केलीत ना?”

काकूंचा चेहरा उतरला. “केली खरी. चुकलंच माझं,” म्हणाल्या, आणि थेट रुग्णालयात फोन लावला. “सिस्टर, तुमच्या वॉर्डात कुठलं मशीन आहे हो?”

दाराजवळच्यासारखंच होतं. टीमप्रमुखांनी हातातला कप खाली ठेवला.

मग काकू माझ्यापाशी बसल्या. चिठ्ठ्या कुठल्या क्रमानं येतात, तेवढंच त्या तिन्ही मशीनवर बघत राहिल्या. दोन मशीन चिठ्ठ्या फायलीच्या नावाप्रमाणे लावून द्यायची. नावात तारीख आधी, त्यामुळे आजची चिठ्ठी शेवटी यायची. तिसरं मात्र हाताला येतील तशा देई. आणि आपला प्रोग्रॅम? शेवटची तीच नवी, असं डोळे मिटून धरून चाललेला!

“अहो, ही नखरेल नाही,” काकू म्हणाल्या. “ही महिनाभर ओरडून सांगतेय, आपणच कान बंद करून बसलोय.”

काय वाटलं म्हणून सांगू तेव्हा! असं माणूस भेटायला भाग्य लागतं.

त्यांनी प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी मला बदललं. आता मी मुद्दाम नवी चिठ्ठी आधी देते, जुनी मागाहून. चालवलं, तर चूक कुठेच लपेना, तिन्ही मशीनवर लाल! लाल होऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. मग प्रोग्रॅमला चिठ्ठीवरची वेळ बघायला शिकवलं, आणि तिन्हींवर हिरवी. टीमप्रमुखांनी स्वतः रुग्णालयाला फोन करून एक दिवस मागून घेतला.

प्रोग्रॅम बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. “बरं झालं स्क्रीन बघितला. सवयीनं वॉर्डातल्या एका आजींना अख्खी गोळी देत होते. डॉक्टरांनी सकाळीच अर्धी केलीय.”

आता मी दिवसातून शंभरदा चालते, कुणी ढुंकून बघत नाही. नका बघू. हिरवी असताना माझ्यात बघण्यासारखं आहे तरी काय? पण लाल दिसले ना, तर तेवढी खुर्ची ओढून माझ्यापाशी बसा. पलीकडे कुणाची तरी आजी औषधाची वाट बघत असते.