चाकूची चार कारणं

नवऱ्याच्या गळ्यात चाकू पहिल्यांदा दिसला तो एका सोमवारी, चहा गाळताना. करंगळीएवढं पातं, त्याला काळं प्लॅस्टिकचं म्यान, आणि तेही उलटं टांगलेलं. म्हणजे मूठ खाली, शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी डुलत होती. हे काय नवीन, मी विचारलं. तो म्हणाला, खिशातला चाकू वाकलं की मांडीला टोचतो. चहा संपवला आणि निघाला.

कारण पटण्यासारखं नव्हतं असं नाही. आम्ही दोघंही खुर्च्या-सोफ्यांच्या कारखान्यात. मी मशीनवर खोळी शिवते, तो सांगाड्यावर कापड चढवतो. तिथेच ओळख झाली, त्यामुळे आमचं अहोजाहो कधी जमलंच नाही. दिवसभर वाकून काम असतं हे खरं, पण तोच घडीचा चाकू तेवीस वर्षं त्याच मांडीला टोचत होता, तेव्हा कधी तक्रार नव्हती. आता मांडी एकदम नाजूक झाली की काय? त्यात सध्या एका नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्या आल्या होत्या आणि मालकांनी ते काम त्याच्यावर सोपवलं होतं. ते नीट पार पडलं की तो मुख्य कारागीर होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, बरं केलं हो त्याने, आता फळं कापायला उठून आत जायला नको. मी विचारलं, तुम्हाला त्याने कधी फळ कापून दिलंय का? त्या म्हणाल्या, अजून नाही, पण देणार आहे. लेकीला त्याने सांगितलं की गाडीतला सीटचा पट्टा अडकला तर कापायला असावा. आमच्याकडे गाडी नाही. कारखान्यातल्या सुताराला सांगितलं की पार्सलं फोडायला बरा पडतो. पार्सलं सुतारच फोडतो.

चार माणसं, चार कारणं. एकेक घेतलं तर खरं वाटावं, आणि चारही समोर मांडली की डोकं भणभणावं. हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही, म्हणून मी खरोखरच घाबरले. कोणी धमकी दिली होती? कोणाशी वाजलं होतं? की पन्नाशीत पुरुषांना काहीबाही सुचतं तसलंच काही होतं? रस्त्याने जाताना मी मागे वळून बघायला लागले. मागे रोजचेच लोक असायचे, आणि तेच माझ्याकडे संशयाने बघायचे.

सुताराला खोदून विचारलं, तर तो म्हणाला, वहिनी, ज्याला मारामारी करायचीय तो चाकू असा चारचौघांत मिरवत नाही. ऐकून जिवात जीव आला. मग थोडा विचार करून तो म्हणाला, नुसतं घाबरवायचं असेल तर मात्र मिरवतो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी मी नवऱ्याशीच भांडायला घेतलं. गळ्यात साखळी, दिवसभर वाकणं, आजूबाजूला मशिनं. कुठे अडकली म्हणजे? त्याने साखळीला एक हिसका दिला. ती पटकन सुटून हातात आली. जोर लागला की आपोआप सुटते, मुद्दाम तशीच घेतली, असं त्याने शांतपणे सांगितलं. लेकीचं कॉलेज निवडतानाही याने एवढा विचार केला नव्हता. माझा गोंधळ वाढलाच.

गुरुवारी तो आंघोळीला गेला तेव्हा चाकू खुंटीवर होता. मी उचलला आणि गळ्यात घातला. आज मी वापरून बघणार, मी त्याला सांगितलं, बघू तरी किती सोयीचा आहे ते. जुना घडीचा चाकू त्याने खिशात टाकला.

सोय कसली, छळ होता. पुढे झुकलं की मूठ मशीनच्या पत्र्यावर टक. झुकलं की टक. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, घड्याळ घातलंयस का? दोरा कापायला हाताशी होता हे मी मान्य करते, पण तो म्यानातून निघेचना. ओढला तर म्यानच खाली आलं. जोर केला तर साखळी सुटली, दोनदा. तिसऱ्यांदा मी चष्मा लावून नीट बघितलं. म्यानाच्या काठाला एका बाजूला रेक्झिनची बारीक पट्टी चिकटवली होती, अंगठा टेकवायला. माझा अंगठा दुसऱ्या बाजूला, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पडत होता. मी हात बदलला. डाव्या हाताने चाकू सुळ्ळकन निघाला.

माझा नवरा डावखुरा नाही.

दुकानदाराने चुकीचा माल गळ्यात मारला असेल, असं आधी वाटलं. पण पट्टी आमच्याच कारखान्यातली होती, नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्या लाल रेक्झिनची. मी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. इतके दिवस मी त्याच्या गळ्याकडेच बघत होते. तो डाव्या हाताने कापड ताणत होता आणि उजव्या कोपराने दाबून धरत होता. उजवा हात ठेवला तिथे नुसता पडून होता. मग त्याने खिशातून घडीचा चाकू काढला आणि पातं दातात धरून उघडला.

रोज त्याला तसं करावं लागत नव्हतं. आज मी त्याचा चाकू घेऊन बसले होते म्हणून करावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाजूला, फोमच्या गुंडाळ्यांवर आम्ही दोघंच होतो. मी साखळी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"कधीपासून?"

कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही. "चार महिने झाले. अंगठा आणि दोन बोटं. आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतंस. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं असतं. अजून एकशेचाळीस खुर्च्या राहिल्यात."

मला खूप राग आला होता आणि रडूही येत होतं. आधी काय करावं तेच कळेना. म्हणून दोन्ही सोडून मी सरकून त्याच्या उजवीकडे बसले आणि त्याचा हात त्या बधिर बोटांना धरून हातात घेतला.

तो बोलतच होता. समोरच्या भिंतीकडे बघत खुर्च्यांचं सांगत होता: पाठी डाव्या हाताने जमतात, बैठकीच्या कोपऱ्यांना तेवढा वेळ लागतो, महिनाभर निभावलं की झालं. मी त्याची बोटं दाबली. तो कोपऱ्यांचंच सांगत राहिला. मी आणखी जोरात दाबली, माझीच नखं पांढरी पडली. डब्याचं झाकण उघडायला म्हणून त्याने खाली बघितलं, तेव्हा थांबला.

"कधी धरलास?"

"आत्ताच," मी म्हटलं.

तो माझ्या हातातल्या आपल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. झाकण तसंच राहिलं. मग दवाखाना सकाळी कितीला उघडतो, हे त्याने स्वतःहून विचारलं.