तिसरी कॉफी

आमच्याकडे पाहुण्याला पहिली कॉफी मिळते ती स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की शहाण्याने कोट शोधायला लागावं. तिचं नावच सिक्तेरुशा, म्हणजे 'चालते व्हा' कॉफी. यजमानीण तोंडाने काही बोलत नाही, नुसता कप पुढे सरकवते. तरीही जो उठत नाही त्याची गावभर चर्चा होते. माझ्या चुलतसासऱ्यांची तर अजून होते.

झिनेता मावशीच्या घरी मात्र त्या तिसऱ्या कॉफीसाठी बायका जीव टाकायच्या.

मावशी सारायेव्होत, मोठ्या इस्पितळाच्या वरच्या चढावर राहायची. तिला स्वतःला छातीचा कॅन्सर होऊन गेला होता. नवरा लढाईत गेलेला, दोन खोल्या रिकाम्या. खेड्यापाड्यातून उपचाराला येणाऱ्या बायकांना ती ठेवून घ्यायची. माझं ऑपरेशन झालं होतं, केमोने डोक्यावर केस ठेवले नव्हते, आणि आता कितीतरी आठवडे रोज किरणांच्या मशीनखाली झोपायचं होतं. आमच्या डोंगरातून रोज बसने यायचं म्हणजे धडधाकट माणूसही आजारी पडेल. वॉर्डातल्या नर्सने मावशीचा पत्ता दिला.

मी पिशवी घेऊन दारात उभी. मावशीने मला नीट न्याहाळलं.

"रडणारी आहेस का?"

"नाही," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

"बरं. बूट काढ, आत ये आणि रड. जेवताना मात्र नको, ठसका लागतो."

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. भाजलेली कॉफी, साबण आणि भट्टीतून नुकतीच काढलेली पिता, म्हणजे पातळ पाऱ्यांत बटाटा भरून भाजलेली गुंडाळी. मशीनने माझी कातडी भाजून निघाली, कापडाचा स्पर्श सोसेना, तेव्हा मावशीने नवऱ्याचे जुने सुती शर्ट उकळून, मऊ करून माझ्यासाठी आतून घालायला शिवले. नवऱ्याची तेवढीच आठवण उरली होती तिच्याकडे, पण कात्री चालवताना हात थांबला नाही.

संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा, रासिमचा फोन यायचा. तो विचारायचा, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "हो." मग दोघंही गप्प. एकदा मावशीने रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला.

"जावईबापू, बरी असती तर इथे कशाला आली असती? गाईचं सांगा तिला. कुंपण कुणी मोडलं ते सांगा. बायको आहे ती तुमची, हवामानखातं नाही."

दुसऱ्या दिवसापासून रासिम गाईवर इतकं बोलायला लागला की मलाच म्हणावं लागायचं, पुरे आता.

पण एक दिवस मी हरले. काख सोलवटली होती, जिना चढताना दोनदा बसावं लागलं होतं. गाय व्यायला झालीय एवढं निमित्त मला पुरलं. सकाळी पिशवी भरून स्वयंपाकघरात येऊन बसले. मावशीने पिशवीकडे पाहिलं आणि कॉफी ठेवली. पहिली प्याले. दुसरी प्याले.

"तिसरी ओत मावशी. मला बस गाठायचीय."

मावशीने भांड्यावर पालथा हात ठेवला. "तिसरी तुझं मशीन संपेल त्या दिवशी."

"मला नाही जमत गं आता. मरायचंच असेल तर घरी मरेन."

"माझी धाकटी बहीण हेच म्हणाली होती. उपचार अर्ध्यावर सोडून निघाली. मी तिला कॉफी पाजली, पिशवी धरून बसपर्यंत गेले, हसत हात हलवला. तिचा हट्ट, मी कोण अडवणार?" तिचा हात भांड्यावरच होता. "तेव्हापासून तिसरी कधी ओतायची ते मीच ठरवते. तुला उठायचं असेल तर ऊठ. मी हात हलवायला येणार नाही."

मला तिचा इतका राग आला की मी उठलेच नाही. बस गेली. मावशीने पिशवीतले कपडे काढून परत खुंटीला लावले. गाय रासिमच्या हाती व्यायली, अगदी सुखरूप.

शेवटच्या दिवशी मिळाली मला तिसरी. कडू, तळाशी गाळच गाळ, आणि मी घोट घोट पुरवून प्याले. मावशी दारापर्यंत आली.

"चालती हो. आणि परत तोंड दाखवू नकोस."

"येते, मावशी," मी सवयीने म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावर चापट मारली, धड बाजूच्या. "या दारात 'येते' म्हणायचं नाही. 'जाते' म्हण."

"जाते," मी म्हटलं. आयुष्यात तो शब्द एवढा गोड कधी लागला नव्हता.

पुढे दर वर्षी मी आलुबुखारचा मुरंबा घेऊन जायचीच. "कशाला आलीस?" म्हणून ती ओरडायची आणि ओरडता ओरडता कॉफी दळायला घ्यायची.

मग तिचं दुखणं उलटलं. या वेळी हाडांत. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दुखू द्यायचं नाही. रासिमच म्हणाला, "तू जा. गाईचं मी फोनवर सांगत जाईन." मी त्याच्या जुन्या शर्टांचं गाठोडं घेऊन गेले. तिला पुसायची, कूस बदलायची, शेजारणींच्या चहाड्या सांगायची. ऐकता ऐकता ती डोळे मिटून हसायची.

एका सकाळी म्हणाली, "मेव्लिदा, कॉफी कर."

पहिलीने तिचे ओठ ओले झाले. दुसरीवर ती नवऱ्याबद्दल बोलली, ट्राममध्ये त्याने तिच्या पायावर पाय दिला होता तिथपासून. मग म्हणाली, "तिसरी."

"कॉफी संपली मावशी."

"खोटारडे. मला वास येतोय."

स्वयंपाकघरात पाणी उतू गेलं तरी मी तशीच उभी. मला ओतायची नव्हती. त्या भांड्यावर हात ठेवून बसावंसं वाटत होतं, तिच्यासारखं. पण तिचं काही अर्ध्यावर राहिलेलं नव्हतं, सगळं पुरं झालं होतं, आणि हे मलाही कळत होतं. मी ओतली, कप घेऊन गेले.

"म्हण आता," ती म्हणाली.

"चालती हो," मी म्हटलं. पुढचं काही केल्या तोंडातून फुटेना.

तिने कपाला ओठ लावले. मग माझा हात धरून, स्वतःचाच नियम मोडत म्हणाली, "येते."