आधीचे बारा सेकंद

चावीवाला गेला त्याला तीन महिने झाले होते, पण टेलरबाईंच्या फोनवर तो दर दोन-चार दिवसांनी हजर व्हायचाच. कधी भावजयीने पाठवलेला, कधी कुणा अनोळखी माणसाने टाकलेला. दर वेळी तो त्याच मुलाचा दंड धरून ओढायचा आणि त्याच मुलाच्या थोबाडीत द्यायचा. खालची ओळ मात्र नवी असायची. एकदा तो दुसऱ्याच शहरातला मास्तर झाला, एकदा मुलं पळवणारा. एकदा तर कुणीतरी मागे गाणं लावून त्याला एकच थप्पड तालावर दहा वेळा मारायला लावली होती. बाईंनी पुसून पाहिलं, लोकांना ब्लॉक करून पाहिलं, भावजयीशी अबोला धरला. पण मानगुटीवर बसलेलं असं उतरतं थोडंच!

दुकानासमोरच त्याची टपरी होती. आता तिला कुलूप होतं, आणि मान वर केली की ते दिसायचं, म्हणून बाईंनी शिलाई मशीन खिडकीकडून फिरवून भिंतीकडे केलं होतं. गिऱ्हाइकांना सांगितलं, उजेड डोळ्यांवर येतो. शिवणाऱ्या बाईला उजेड नकोसा झाला, हे कुणाला खरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

व्हिडिओ बाईंनीच काढला होता. हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

नवा फोन आला होता, खिडकीतून रस्ता कसा दिसतो ते बघत होत्या, इतकंच. सगळा मिळून बेचाळीस सेकंदांचा. स्टेटसला तीसच सेकंद चालतात. बाईंचा उभा जन्म कापण्यात गेलेला, त्यांनी सुरुवातीचे बारा सेकंद उडवले. रस्ता, मागे येणारा ट्रक, किराणावाल्याची आरडाओरड. त्यात काय बघायचं? थप्पड शेवटी होती आणि थपडेनेच त्यांचं पित्त खवळलं होतं. खाली लिहिलं, ‘दुसऱ्याच्या लेकराला बघा कसा मारतोय!’ मुलाची आई त्या वेळी पाठमोरी फोनवर बोलत होती. तिलाही काय झालं ते दुसऱ्या दिवशी व्हिडिओवरूनच कळलं.

स्टेटस टाकलं त्याच संध्याकाळी बाईंनी अख्खा व्हिडिओ नीट पाहिला. चेंडूमागे धावणारं मूल, त्याच्यावर येणारा ट्रक, आणि हातातली किल्ल्या घासायची कानस फेकून झेपावलेला चावीवाला. पण तोवर या फोनवरून त्या फोनवर जाता जाता बाईंचं नाव गळून पडलं होतं, ओळखीच्यांनाही तो कुठूनतरी आलेलाच वाटला होता आणि व्हिडिओ शहरभर पोचला होता. दोन दिवसांत लोक विसरतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. लोक विसरले नाहीत. लेकरांना मारणाऱ्याच्या हातात घराची किल्ली कोण देणार? पाच महिने तो रिकाम्या टपरीत बसला, मग अंथरूण धरलं ते धरलंच.

आणि आज दुपारी त्याची बायको दारात उभी राहिली. हातात त्याचा कोट.

“माझ्या मापाचा करून द्याल का, ताई?”

बाईंनी टेप काढली. खांद्याचं माप घेतलं. चावीवाल्याची बायको भिंतीकडे तोंड केलेल्या मशीनकडे बघत होती.

“पूर्वी हे खिडकीत असायचं ना?”

“उजेड फार येतो, वहिनी.”

“व्हिडिओत खालच्या कोपऱ्यात मशीनचं चाक दिसतं,” ती म्हणाली. “कुणाला दिसणार नाही. मला दिसतं. त्यांचा चालताबोलता असा तेवढाच आहे माझ्याकडे. रोज बघते मी. काय करू, फोटोत ते हलत नाहीत.”

कानांवर हात ठेवता आले असते. चाकं काय, कुठल्याही मशीनला असतात. पण त्या माणसाला बघायला त्याच्या बायकोला त्याची बदनामीच लावावी लागते, हे ऐकल्यावर त्यांना खोटं बोलवेना. त्यांनी फोन काढला, अख्खा व्हिडिओ लावला आणि तिच्या हातात दिला.

तिने बेचाळीस सेकंद पाहिले. मग पुन्हा सुरुवात लावली. सुरुवातीला चावीवाला कानस चालवता चालवता कशालातरी हसत होता.

“हे हसणं तुम्ही कापलंत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे बाईंना अधिकच लागलं.

“मी आत्ता टाकते सगळा. माझ्या नावानिशी टाकते.”

“नको. परत कुणीतरी कापेल.” तिने डोळे पुसले. “लाखो लोकांचं मला काय करायचंय? या रस्त्यावर मला जगायचंय. इथल्या लोकांना दाखवा. दारोदार जाऊन, समोर बसून, संपेपर्यंत.”

पहिलं दार किराणावाल्याचं. ते सगळ्यात सोपं, असं बाईंना वाटलं, कारण तो तिथेच होता. व्हिडिओत दुकानाच्या पायरीवर उभा राहून ‘अरे थांब, थांब’ म्हणून ट्रकवर ओरडणारा तोच.

“काका, हे बघा. त्या दिवशीचं.”

“पाहिलंय मी.”

“हे नाही पाहिलंत.”

तो नाइलाजाने बघू लागला. ट्रक आला. त्याचा स्वतःचा आवाज आला. किराणावाल्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने फोन परत दिला.

“कुणी बनवलं हे? हल्ली काय वाट्टेल ते बनवतात.”

“काका, हे तुम्हीच आहात. हा तुमचाच आवाज.”

“माझ्यासारखा आहे. ट्रकबिक काही नव्हता, बाई. मी स्वतः होतो तिथे. पोरगं उभं होतं, याने येऊन मारलं.” त्याच्या चेहऱ्यावर लबाडी औषधालाही नव्हती. त्याला खरोखरच तेवढंच आठवत होतं. चावीवाल्याच्या बायकोकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, “गेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, वहिनी. पण जे पाहिलं ते पाहिलं.”

दोघी पायरी उतरल्या. ऊन कडक होतं, रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. या रस्त्यावरच्या प्रत्येक डोक्यात त्यांनी तीस सेकंद शिवून ठेवले होते, आणि ती शिवण त्यांना स्वतःलाच उसवता येत नव्हती.

“पुढच्या दारी जाऊ,” त्या कशाबशा म्हणाल्या.

चावीवाल्याची बायको बंद टपरीपाशी थांबली होती.

“जाऊ. पण एक सांगा, ताई. थप्पड मारल्यावर व्हिडिओ संपतो. पुढे त्यांनी काय केलं? पोराला जवळ घेतलं का? खाली बसले का? त्या संध्याकाळी घरी येऊन ते एक शब्द बोलले नाहीत, आणि नंतर मी विचारलं की नुसते उठून जायचे. तुम्ही तर इथेच होतात, खिडकीत. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन.”

बाईंनी टपरीकडे पाहिलं, मग आपल्या खिडकीकडे. अंतर दहा पावलांचंही नव्हतं.

“मी पाहिलं नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या. “मी मान खाली घालून ती खालची ओळ लिहीत होते.”