वैनगंगा थांबली नाही

लोणी भापकरच्या पारावर ‘वैनगंगा’ बोटीचा इतिहास तिच्यावर खलाशी राहिलेल्या सर्जेरावांइतका कुणालाच पाठ नव्हता. कुणी विचारो न विचारो, तो ऐकवल्याशिवाय गडी पारावरून उठत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत मालाच्या जहाजांना राखणारी ती बोट, मेंढरांभोवती कुत्रं फिरावं तशी फिरायची. एडनच्या खेपा किती, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर दिवस किती, लढाई संपल्यावर समुद्रातले सुरुंग किती काढले, सगळं तोंडावर. फक्त एका दुपारपाशी आले की सर्जेराव घाईनं पुढं सरकायचे.

त्या दुपारी त्यांच्याच गावचा महिपती बोटीवरून समुद्रात पडला होता. घरी परतल्यावर सर्जेरावांनी त्याच्या आईला, ठमाबाईला सांगितलं की मागच्या जहाजानं त्याला उचललं असेल. म्हातारीचं तोंड बघून खरं बोलायला जीभ रेटली नाही, एवढंच. पण त्या एका ‘असेल’वर तिनं वर्षामागून वर्षं काढली.

पंचावन्न साली बारा वर्षं भरली. बेपत्ता माणसाची एवढी वाट पाहून मग दर्भाचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. थोरला मुलगा दत्तोबा तयार होता, भटजी येऊन बसले होते. ठमाबाई मात्र पुतळ्यावर हात ठेवून बसली, उचलू देईना. आपण जाळायचा आणि उद्या पोरगा दारात उभा राहिला तर, असं तिचं म्हणणं. सर्जाला बोलवा, म्हणाली.

सर्जेरावांना पळून जावंसं वाटलं. लाजेनं मान वर होत नव्हती, तरी आले.

“काकी, मी खोटं बोललो. पाण्याखाली दुश्मनाची पाणबुडी हुती, बोट थांबवायचा हुकूम न्हवता. मागची जहाजंबी थांबली न्हाईत. मी वरच उभा हुतो. लई येळ त्याचा हात दिसत हुता.”

“त्यानं तुला बघितलं?”

“व्हय. माझंच नाव घेतलं.”

दत्तोबा रागानं उठला. ठमाबाईनं त्याला हातानं थांबवलं आणि पुतळ्यावरचा दुसरा हात काढून घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचं तिला सुचत नव्हतं. मग तिनं सर्जेरावांकडे बोट केलं.

“न्हाव्याला सांग, दत्तोबा,” ती म्हणाली, “दोघांची डोकी करायची हायेत. ह्यो बारा वर्सं सुतकातच हाय.”