सर प्रवेश घेतात

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी.साठी अर्ज करायचं ठरवलं, ते सगळ्यात आधी बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यावर घरात तिला नवं दुखणं नको असे.

“तुम्हाला कमी काय आहे?” तिने विचारलं.

“कमी काही नाही. एक गोष्ट कळत नाही, ती कळून घ्यायची आहे.”

“मग कोणाला तरी विचारा ना. त्यासाठी पाच वर्षं पोरांमध्ये जाऊन बसायला कशाला हवं?”

“विचारलं. विचारलं त्या कोणालाच नीट सांगता आलं नाही.”

गोष्ट तशी साधी होती. शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत मखमलीसारखं शेवाळ वाढायचं. पुस्तकात त्याला मॉस म्हणतात. उन्हाळ्यात ते वाळून काळं पडे, बोटांत धरलं तर भुगा होई. मग टाकी भरून वाहिली की थोड्याच वेळात पुन्हा हिरवं. वर्ग गच्चीवर नेला की मुलं विचारत, “सर, ते मेलं होतं का?” सर सांगत, “नाही रे, झोपलं होतं.” एकदा एका मुलीने विचारलं, “मग मेलेलं आणि झोपलेलं यात फरक काय?” तिथे सरांची गाडी जी अडली ती अडलीच. हा किडा डोक्यातून जाईना.

बायकोने दोन दिवस शेवाळाचंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “करा अर्ज. नाहीतर म्हातारपणी मला ऐकवाल, तुझ्यामुळे राहिलं म्हणून.”

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. तो कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने भरून दिला. शिफारसपत्रं दोन लागत होती. एक सरांच्या जुन्या प्राध्यापकांनी दिलं. दुसरं मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं: सर कधी उशिरा येत नाहीत, रजा घेत नाहीत, व्यसन नाही, स्वभाव शांत.

लेक म्हणाली, “बाबा, हे शिफारसपत्र आहे की स्थळाची माहिती?”

“राहू दे. खोटं तर काही नाही ना त्यात?”

लेकीने आणखी एक सुचवलं. सरांची एक जुनी विद्यार्थिनी त्याच संस्थेत वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका झाली होती. वर्गात ती सतत हात वर करून उभी राही, म्हणून सरांनीच तिचं नाव ‘शंका’ ठेवलं होतं. पुढे सगळी शाळा तिला त्याच नावाने ओळखायची.

“तिला एक फोन तर कर,” लेक म्हणाली.

“अजिबात नाही. मी शिकवलेल्या पोरीकडे वशिला लावू? आणि तूही ताकास तूर लागू द्यायची नाहीस.”

प्रवेशपरीक्षेच्या दिवशी सर दारात पोचले तेव्हा पर्यवेक्षकाने त्यांना हात आडवा केला. “पालकांनी बाहेर थांबायचंय.” सरांनी मुकाट्याने प्रवेशपत्र पुढे केलं. पर्यवेक्षक फोटो आणि सर, सर आणि फोटो असं बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बसा साहेब.” पेपरात गणिताने सरांच्या नाकी नऊ आणले. पण बाकीचं जमलं आणि ते काठावर पास झाले. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर पांढरा फळा आणि टेबलापलीकडे चार जण होते. मधोमध विभागप्रमुख बसले होते, टक्कल पडलेले आणि चष्मा कपाळावर चढवलेले. डावीकडच्या टोकाला शंका होती. सर आत आले आणि ती चटकन उठून उभीच राहिली.

“नमस्कार सर!”

बाकीचे तिघे तिच्याकडे बघायला लागले. सरांच्या तोंडून सवयीने “बस, बस” निघून गेलं आणि मग त्यांनी जीभ चावली.

शंका विभागप्रमुखांना म्हणाली, “यांनी मला शाळेत शिकवलंय. यादीत नुसते क्रमांक होते, त्यामुळे मला आत्ताच कळतंय. मी यांना गुण देणार नाही. हवं तर बाहेर जाते.”

विभागप्रमुखांनी सरांना विचारलं, “त्या थांबल्या तर तुमची हरकत?”

“नाही,” सर म्हणाले. नाही म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

“मग सांगा, तुम्ही अर्जात लिहिलंय ते वाळलेलं मॉस पुन्हा हिरवं कसं होतं?”

सर फळ्याजवळ गेले. मार्कर हातात आला आणि भीती पळाली. त्यांनी पेशीची सुबक आकृती काढली, भागांना नावं दिली, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या. मध्ये एकदा तर “लक्षात आलं का?” असंही विचारलं. एक परीक्षक खिडकीबाहेर बघू लागले.

विभागप्रमुख म्हणाले, “छान. पण हे पुस्तकात आहे, आम्ही वाचलंय. पुस्तकात नाही ते तुम्ही कसं शोधाल?”

सर थबकले. “वाळलेलं शेवाळ काही महिने ठेवेन. मग पाणी घालून बघेन.”

“सर,” शंका म्हणाली, “पण हिरवं झालं ते जुनंच कशावरून? हवेतून बीजाणू येऊन नवं उगवलं असेल तर?”

“झाकून ठेवेन.”

“झाकलं तर आत दमट राहील. नीट वाळणारच नाही.”

“मग आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवेन. औषधांच्या डब्यात असतात तसल्या.”

“त्याने ते फार भरभर वाळेल. गच्चीवर हळूहळू वाळतं. भरभर वाळल्याने मेलं, तर तुम्ही काय समजणार?”

मार्करचं टोपण लावत, काढत सर फळ्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “अगं, मग तेच बघायला हवं! अर्धं भरभर वाळवायचं, अर्धं हळू. हळू वाळणाऱ्याला तयारीला वेळ मिळत असेल. ते नेमकी काय तयारी करतं, ते…” त्यांनी मान हलवली. “ते मला माहीत नाही.”

खिडकीबाहेर बघणारे परीक्षक आता फळ्याकडे बघत होते. पण वेळ संपली होती.

घरी येऊन सर बुटांसकट खुर्चीत बसले. “हात दाखवून अवलक्षण झालं,” ते बायकोला म्हणाले. “तिला मी भर मुलाखतीत ‘अगं’ म्हणालो. प्राध्यापिका आहे ती!”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. लिहीत होती.”

“मग जाऊ द्या. हातपाय धुवा आधी.”

निकाल लागला. सर निवडयादीत नव्हते, प्रतीक्षायादीत होते. पुढे एक मुलगा परदेशी गेला, एक मुलगी दुसऱ्या संस्थेत गेली आणि एका दुपारी, शाळेत मधली सुट्टी चालू असताना, विभागप्रमुखांचाच फोन आला.

“जागा आहे. माझ्या प्रयोगशाळेत याल? आधीच स्पष्ट सांगतो, तुमचं फळ्यावरचं व्याख्यान मला मुळीच आवडलं नव्हतं. शेवटची पाच मिनिटं आवडली.”

“येतो,” सर म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, “तिने… मॅडमनी काही सांगितलं का माझ्याबद्दल?”

“तुमच्यावर चर्चा झाली तेव्हा त्या बाहेर होत्या. नियम आहे.”

फोन ठेवल्यावर सरांना फार हलकं वाटलं.

शाळेने रजा मंजूर केली आणि वर निरोपसमारंभही केला. सर घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते की मी निवृत्त होत नाहीये. तरी भाषणांत ‘उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो’ आलंच.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्यांना लेकीच्या वयाच्या एका संशोधक मुलीच्या हाताखाली दिलं. काय हाक मारावी यावर तिने थोडा विचार केला आणि ‘काका’ म्हणायचं ठरवलं. सूक्ष्मदर्शकात बघायला चष्मा काढावा लागे, टिपण लिहायला घालावा लागे. या काढघालीत सरांनी एक काचपट्टी फोडली. ती मुलगी म्हणाली, “असू दे काका, मी पहिल्या आठवड्यात डबाच पाडला होता.” मग तिने त्यांना काचेची भांडी धुवायला शिकवलं: आधी साबण, मग साधं पाणी, मग शुद्ध केलेलं पाणी, मग ओव्हन. सरांची पहिली खेप तिने उजेडात धरून पाहिली आणि डाग दाखवून परत दिली.

कॉरिडॉरमध्ये शंका भेटली. सर म्हणाले, “नमस्कार मॅडम.”

ती कसनुशी झाली. “सर, मला असं नका ना म्हणू.”

“इथे सगळे तेच म्हणतात.”

“मग सगळ्यांसमोर म्हणा.” आणि लगेच, “तुमची ती हळू वाळवण्याची कल्पना, तापमान कसं सांभाळणार?”

“आज भांडी धुतोय,” सर म्हणाले. “उद्या विचार.”

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. “काय शिकलात मग पहिल्या दिवशी?”

“भांडी घासायला.”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि म्हणाली, “इतकी वर्षं मी सांगत होते ते तुम्हाला कळायला पीएच.डी. लागली!”

लेक आतून खदखदून हसली. सरांनी डबा पिशवीतून काढला आणि मोरीकडे निघाले.