दीड वीत मैदान

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पाढे आठवून पळ काढाल. मी एका फुटबॉल संघाचा फळा. खेळाडू जिथे कपडे बदलतात त्या खोलीत, खुंट्यांच्या रांगेत मधोमध, मी तेवीस वर्षं भिंतीवर लटकून काढली. आता कुठे आहे ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही हळहळत बसाल आणि पुढचं नीट ऐकणार नाही.

माझा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हातून झाला. माझा पत्रा खरं तर चपलांच्या दुकानासाठी कापलेला, पण दुकानदाराचा विचार बदलला. संघाचे मास्तर त्या वाटेने चालले होते. ते म्हणाले, "याला हिरवा रंग मार आणि वर मैदान काढून दे." पेंटरला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने एका टोकाचा गोल मोठा काढला आणि दुसऱ्या टोकाचा लहान. मास्तरांनी दोन्ही गोल बोटांनी मोजून पाहिले. मग म्हणाले, "लहान तो आपला. खालच्या बाजूला येऊ दे." तेव्हापासून आमचा गोल खाली आणि समोरच्यांचा वर, असा मी उभा टांगला गेलो.

मास्तरांनी बाटल्यांची अकरा झाकणं जमवली, प्रत्येकात एक लोहचुंबक चिकटवला आणि वर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. एक झाकण म्हणजे एक खेळाडू. पण इतर संघांत जसं चालतं तसं आमच्याकडे नव्हतं. सामन्याआधी मास्तर ती झाकणं टॉवेलवर ओतत आणि एवढंच म्हणत, "लावा." प्रत्येकाने आपलं झाकण आपल्या हाताने माझ्यावर लावायचं आणि तिथेच का लावलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. दोन वर्षं डाव्या बाजूने खेळलेला एक न्हावी एकदा म्हणाला, "मास्तर, मला उजव्या डोळ्याने जरा कमीच दिसतं. मला उजवी कड द्या. तिकडे रेषेपलीकडे बघायचंच काय असतं?" सगळे पोट धरून हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला उजवी कड दिली आणि दोन वर्षं हे विचारलं नाही म्हणून स्वतःलाच चार शब्द सुनावले.

आमचा खेळ देखणा होता असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? आठ जण आपल्या गोलपुढे ठाण मांडून बसायचे, चेंडू आला की लांब हाणायचे आणि पुढच्या दोन उंच गड्यांनी काय ते बघून घ्यायचं. लोक नाकं मुरडत. पण गुणांच्या यादीत खालून तिसरे का होईना, आम्ही दर वर्षी तगून राहायचो.

त्या आठांत पाच नंबरचा आमचा कॅप्टन. त्याला सगळे दादा म्हणत. दिवसा तो वेल्डिंग करायचा, म्हणून खोलीत आला की त्याच्या कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास असायचा. तो पळायला मंद होता, अगदी मंद. पण गोलपुढच्या चौकटीत उंच आलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून कधी गेला नाही. त्याच्या झाकणाची एक गंमत होती. ते एकदा खाली पडलं आणि त्याच्याच बुटाखाली आतला चुंबक अर्धा तुटला. त्यामुळे माझ्यावर कुठेही लावलं तरी ते हळूहळू घसरत खाली यायचं, आणि चौकटीच्या जाड रंगाला अडून थांबायचं. कोणीतरी म्हणालं, नवा चुंबक बसवू या. मास्तर म्हणाले, "राहू दे. त्याला घर माहीत आहे."

मग मास्तरांना ऐकू येईनासं झालं. शिट्टी वाजून गेली तरी ते सूचना देत राहायचे. शेवटी ते आपल्या मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी माझ्या कडेवरची धूळ बाहीने पुसली. त्यानंतर मला तशा आपुलकीने कोणी पुसलं नाही.

त्यांच्या जागी सर आले. बांध्याने लहानसे, आवाज मऊ, हातात तीन रंगांची खडूची पेटी. त्याच सुमाराला संघ चालवणाऱ्या मंडळाने सांगून टाकलं होतं की यंदा संघ शेवटच्या दोघांत आला आणि खालच्या वर्गात गेला, तर तो बंद करायचा. दादाचं वय तेव्हा चौतीस होतं. दुसरा कोणता संघ त्याला आता घेणार नव्हता. "शेवटचे बूट इथेच काढायचे, आणि तेसुद्धा मी ठरवीन त्या दिवशी," एवढंच त्याचं मागणं होतं. म्हणजे संघ तगला तर दादाचा खेळ तगणार होता, नाहीतर नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी खोलीत उभं राहून आपली गोष्ट सांगितली. सतरा वर्षांचे असताना त्यांना एका प्रशिक्षकाने घरी पाठवलं होतं. तो म्हणाला होता, तुझ्या पायांत सगळं आहे, पण उंची नाही. हे सांगताना सरांनी आपला हात स्वतःच्या डोक्यावर आडवा धरला. "त्या दिवशी मी ठरवलं," ते म्हणाले, "माझा संघ चेंडू हवेत उडवणार नाही. चेंडू जमिनीवर राहील. गोलकीपरपासून छोट्या पासांनी वर जायचं. सगळ्यांनी वर सरकायचं. समोरच्याला त्याच्याच अंगणात गाठायचं."

मग ते माझ्यावर आखायला लागले. मित्रांनो, खरं सांगतो, मी हरखून गेलो. तेवीस वर्षांत माझ्यावर इतकं सुंदर काही कोणी काढलं नव्हतं. पिवळे बाण, निळे बाण, एकातून दुसरा निघणारे त्रिकोण. झाकणं भराभर वर सरकत होती, कुठे अडत नव्हती, कोणाला धाप लागत नव्हती. आम्ही इतकी वर्षं उगाच रडतखडत खेळलो, असं मला वाटलं. आज त्या वाटण्याची लाज वाटते.

सरांनी दादाचं झाकण मधल्या रेषेजवळ नेऊन लावलं. ते घसरून खाली आलं. त्यांनी पुन्हा वर नेलं, ते पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि झाकण रेषेवर पक्कं करून टाकलं. "दादा, जमेल ना इथे?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "जमवतो, सर."

नाही म्हणणारा बाकावर बसेल, अशी भीती त्याला वाटली असेल. सरांनीही "का" असं विचारलं नाही. मास्तरांनी विचारलं असतं.

पहिला सामना आम्ही जिंकलो. तीन गोल, तिन्ही जमिनीवरून. खोलीत नुसता गलका झाला आणि सरांचे डोळे भरून आले. तो सामना जिंकलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. कारण दुसऱ्या सामन्यापासून समोरच्यांना आमची मेख कळली. चेंडू दादाच्या डोक्यावरून मागे टाकायचा आणि एक चपळ गडी पळवायचा. दादा वळेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा.

मी मैदान कधी पाहिलेलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. माझी भिंत आतल्या बाजूची. मला फक्त आवाज यायचा, बाकीचं खोलीतल्या बोलण्यावरून कळायचं. आमचे लोक ओरडले तर तो आवाज अंगावर यायचा आणि समोरच्यांचा गोल झाला तर एकदम सगळं गप्प व्हायचं. त्या वर्षी मी पुष्कळ गप्प ऐकलं.

कोणी अंग चोरलं असं समजू नका. गोलकीपर दिवसा टपाल वाटायचा. त्याचे हात सोन्याचे होते, पाय मात्र फक्त चालण्याच्या कामाचे. सर म्हणाले, पायाने पास दे, म्हणून तो रोज सरावानंतर त्या खोलीत राहून माझ्या समोरच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. शंभर वेळा मारायचा. भिंतीकडून परत आलेला चेंडू त्याला बरोबर अडवता यायचा. मैदानावर भिंत नव्हती. चार गोल त्याच्याच पासांवर झाले आणि चौथ्यानंतर तो टपालाची पिशवी मांडीवर घेऊन तासभर खुंटीखाली बसून होता.

आणि मावशी. मावशी संघाचे कपडे धुवायच्या. त्यांनी एकही सामना पुरता बघितला नव्हता, पण शर्ट बघून त्यांना सगळं कळायचं. एका दुपारी खोलीत सर एकटेच माझ्यासमोर उभे होते. मावशी पाच नंबरचा शर्ट हातात घेऊन आल्या.

"सर, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं मी हा शर्ट धुते. याला माती असायची ती खांद्यावर, छातीवर. समोरून भिडायचा ना तो. आता बघा, सगळी माती पाठीला. वळतो आणि पडतो, वळतो आणि पडतो. त्या माणसाला मागे येऊ द्या."

सरांनी शर्ट हातात घेतला. उलटा करून त्याची पाठ बघितली.

"मावशी, मला दिसतंय," ते हळूच म्हणाले. "पण मला दुसरं काही येत नाही. मास्तरांचा खेळ मी त्यांना शिकवायला गेलो, तर तो मला त्यांच्याकडूनच शिकावा लागेल."

"मग शिका की. त्यात कमीपणा कसला?"

सरांनी शर्टाची नीट घडी घातली आणि मावशींना परत दिली. वाईट माणूस असता तर मला त्यांचा राग तरी करता आला असता.

शेवटच्या सामन्यात, तगून राहायला आम्हाला फक्त बरोबरी हवी होती. मध्यंतराला सगळे आत आले तेव्हा एक गोल मागे होते. दादाचा गुडघा सुजून टम्म झाला होता. सरांनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग त्यांनी बाहीने मला पुसून काढलं, सगळे बाण, सगळे त्रिकोण. एकेक झाकण काढून टॉवेलवर टाकलं. दादाच्या झाकणाची पट्टी सोलून काढताना त्यांची नखं माझ्यावर घासली.

"तुमचे मास्तर म्हणे तुम्हालाच लावायला सांगायचे," ते म्हणाले. "लावा. जिथे जमतं तिथे लावा. मी ऐकतो."

मित्रांनो, कित्येक महिने मी याच क्षणाची वाट बघत होतो. मला वाटलं, आता हात पुढे येतील, भांडणं होतील, कोणीतरी हसवेल. पण कोणीच उठलं नाही. गोलकीपरने आपलं झाकण लावलं, त्याची जागा तर ठरलेलीच. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांतल्या पाच जणांनी मास्तरांना पाहिलेलंच नव्हतं. जुने होते ते आठ महिन्यांत आपली जागा आपण सांगायची असते, हेच विसरले होते.

शेवटी दादा लंगडत पुढे आला. त्याने पाच नंबर उचलला. पट्टी अजून झाकणाला लोंबत होती. त्याने ते आधी खाली, चौकटीजवळ टेकवलं. मला ते टेकल्याचं कळलं.

"सर, मी एकटा मागे जाऊन काय करू?" तो म्हणाला. "बाकीच्यांचे पाय आता आपसूक वर जातात. मी मागे राहिलो तर मध्ये सगळं मोकळं रान. हे जूनमध्ये विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आणि मीही न विचारता सांगायला हवं होतं."

असं म्हणून त्याने झाकण वर नेलं, मधल्या रेषेवर ठेवलं, आणि पट्टी स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवली. मग सगळे बाहेर गेले. उरलेल्या अर्ध्या सामन्यात बाहेर दोनदा गप्प झालं.

संघ बंद झाला. सर सगळ्यांचा हात हातात घेऊन गेले. दादाचा हात त्यांना सोडवेना. दादाने बूट त्याच दिवशी काढले, स्वतः ठरवलेल्या दिवशी नव्हे. आता तो कामावर जाताना मैदानाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जातो, असं मावशी सांगतात.

खोली रिकामी करायला हमाल आले. दोघांनी मला उचललं आणि जवळची वाट म्हणून मैदानावरूनच नेलं. आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं. मधल्या रेषेपाशी त्यांनी मला दम खायला टेकवलं. तिथून आमचा गोल दिसत होता, हातरुमालाएवढा. मला वाटलं, डोळे फसवताहेत. पुढे हमाल चालायला लागले. चालले, चालले, एकाने मध्येच हात बदलला, तरी गोल येईना. माझ्यावर ते अंतर दीड वीत होतं. एवढं अंतर दादा आपल्या मंद पायांनी दर सामन्यात वीस-वीस वेळा मागे धावत होता, आणि मी म्हणत होतो, वा, काय सुंदर बाण.

आता मी मावशींच्या घरामागे पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून पडलो आहे. रंग सुटला आहे, कडा गंजल्या आहेत. बाकीची झाकणं टॉवेलवरच राहिली, गोलकीपरचं कधीच गळून गेलं. पाच नंबर तेवढा मधल्या रेषेवर आहे. ती पट्टी ऊन-पाण्यालाही दाद देत नाही, आणि मी आडवा असल्यामुळे ते झाकण घसरणारही नाही.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कधी फळा येईल. माणसांना जागा नेमून द्याल तेव्हा आधी एकदा ते मैदान पायांनी चालून बघा, आणि "जमेल ना" असं विचारण्याऐवजी "तुला कुठे जमतं" असं विचारा. माझं ऐकून फार काही बदलेल अशी आशा मला नाही. पण कधी या बाजूला आलात तर माझं एक काम करा. ती पट्टी नखाने सोलून काढा, मला दोन्ही हातांनी उभं धरा, आणि त्या झाकणाला हात लावू नका. ते जाईल तिथे जाऊ द्या.