शिडाचं कापड

शिवणयंत्राच्या लाकडी झाकणावर ते जहाज उभं होतं. हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं. प्रत्येक डोलकाठीवर आडव्या काठ्या आणि तिथून कठड्यापर्यंत ताणलेले दोर, इतके बारीक की माशी बसली तरी थरथरतील. सगळं होतं, फक्त शिडं नव्हती. त्यामुळे ते पानं गळून गेलेल्या झाडासारखं दिसायचं.

जहाज खारीच्या बाबाने केलं होतं. खार म्हणजे त्याची मुलगी. रिकामी रिळं, बटणं, पेन्सिलींचे तुकडे, जे सापडेल ते कुठेतरी दडवून ठेवायची म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. "शिडं आपण दोघं मिळून करू, सुट्टी लागली की," असं तो तिला म्हणाला होता. सुट्टी लागायच्या आधीच, थंडीत, तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला.

सुट्टी लागली त्या दिवशी खारीने दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, शिडं शिकवा."

आजोबांचं सगळं आयुष्य शाळेत हस्तकला शिकवण्यात गेलेलं. आजूबाजूचे सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणायचे. मुलाच्या हातची ती वस्तू आपण पुरी करायची, हे त्यांना नको होतं. पण शिकवा म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी आजवर कधी परत पाठवलं नव्हतं.

"शिकवतो," ते म्हणाले. "पण माझी अट माहितीये ना?"

"का ते कळल्याशिवाय हात चालवायचा नाही," खार एका दमात म्हणाली. "तुम्ही भाजी चिरतानासुद्धा हेच सांगता."

आता त्या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दवाखान्यात नेताना खारीच्या बाबाच्या अंगातला शर्ट बदलला होता. काढलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. पांढरा, सुती, रोजच्या वापराचा, कॉलर झिजलेली. नंतर आईने त्याचे बाकी सगळे कपडे देऊन टाकले, पण हा शर्ट मात्र न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन आधी त्या कपाटाच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. एकदा दाराच्या फटीतून मास्तरांना दिसलं होतं. तिने गाठ सोडली, पिशवीत तोंड घातलं, एकच श्वास घेतला आणि काहीतरी उडून जाईल अशा घाईने गाठ पुन्हा आवळली. मास्तर पाय न वाजवता मागे फिरले. मुलगा त्यांचाही होता, पण पिशवी तिची होती. त्यांनी हे कुणाजवळ काढलं नाही. खारीजवळ तर नाहीच.

शिडांचा पहिला पाठ धुण्याचा होता. मास्तरांनी नव्या कोऱ्या सुती कापडाचे दोन चौकोन कापले. एक साबणाने धुऊन वाळवला, एक तसाच ठेवला. मग कडक चहा उकळून गाळला आणि दोन्ही तुकडे त्यात बुडवले.

"चहात कशाला?" खारीने विचारलं.

"समुद्रावर ऊन, वारा, खारं पाणी. पांढरंशुभ्र शीड फक्त चित्रात असतं. चहाने जरा वापरल्यासारखा रंग येतो."

"शिडांना चहा, आणि मला दूध."

"तुला रंग चढवायची गरज नाही. तू आधीच पुरेशी रंगीत आहेस."

तुकडे वाळल्यावर मास्तरांनी ते शेजारी शेजारी ठेवले. धुतलेला एकसारखा, फिकट बदामी झाला होता. न धुतलेल्यावर ठिपके उठले होते आणि तो एका बाजूने आक्रसून वाकडा झाला होता.

"काय झालं असेल?"

खारीने दोन्ही तुकडे उजेडात धरले, चुरगळून पाहिले. "याच्यात काहीतरी होतं. त्याने चहाला आत येऊ दिलं नाही."

"शाबास. नव्या कापडात खळ असते. वापरलेल्यात घाम असतो, तेल असतं. ते आधी काढायचं. आणि कापडाला जेवढं आटायचंय तेवढं आधीच आटू द्यायचं. नाहीतर शीड शिवून झाल्यावर आटेल आणि दोर तुटतील. म्हणून नियम काय?"

"आधी धुवायचं. मग बाकी सगळं."

दुसरा पाठ कापड निवडण्याचा. सरावाचं कापड शिडांना चालणार नव्हतं, कारण ते जाड होतं. एवढ्याशा जहाजाला जाड कापड लावलं तर ते रजई पांघरून बसल्यासारखं दिसेल, असं मास्तर म्हणाले.

"कापडाखाली बोट धर आणि उजेडाकडे कर. बोटाची सावली दिसली पाहिजे, पण नख दिसता कामा नये. तसं मिळालं की ते आपलं."

खारीने घरभर बोट फिरवलं. उशीच्या अभ्र्यातून काहीच दिसेना. पडदा जाड. आजोबांचा रुमाल तिने तोंडासमोर धरला.

"आजोबा, तुमच्या रुमालातून अख्खी मी दिसतेय."

"तो निवृत्त झालाय. त्याला त्रास देऊ नकोस."

"मग कुठे मिळणार तसं कापड?"

"नव्यात मिळणं कठीण. रोज अंगावर वापरून, धुऊन धुऊन दोरा मऊ पडलेला लागतो. जुन्या कपड्यांच्या बाजारात जाऊ आपण. आता जरा पडतो मी."

जेवण करून मास्तर आडवे झाले. शिकवलेलं नीट कळलंय या समाधानाने त्यांचा डोळाही लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. गॅलरीत काहीतरी ठिबकत होतं. मास्तर उठून दाराशी आले. दोरीवर पांढरा शर्ट होता, दोन्ही बाह्या खाली सोडलेल्या, टोकांवरून पाणी गळत होतं. बटणं लावलेली होती. खांदे सुरकुती न पडता ताणून चिमट्यांनी धरलेले होते. मास्तरांनी जसं शिकवलं होतं, अगदी तसंच.

"सापडलं," खार म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत साबण होता. "कपाटात होता, पिशवीत. मी बोट लावून पाहिलं. सावली दिसते, नख नाही दिसत. बाबाचाच आहे, म्हणजे तो पण आला ना शिडांत. दोनदा धुतला. कॉलरला ब्रशही मारला."

मास्तरांनी चौकटीला हात टेकला.

"बरोबर धुतलाय ना?"

तिचा चेहरा त्यांच्याकडे वर झालेला. शाळेत एखादं मूल पहिली सरळ शिवण दाखवायला आणायचं तेव्हा त्याचा असायचा तसा.

"बरोबर धुतलायस," ते म्हणाले.

"बघा ना, पाणी किती मळलं." तिने बादली पुढे ओढली. तळ दिसत नव्हता. करडं पाणी, वर साबणाचा विरत चाललेला फेस. "ओतू?"

"नको," मास्तर घाईने म्हणाले. "राहू दे ते."

"घाण पाणी?"

"राहू दे."

ते बादलीशेजारी स्टूल घेऊन बसले. खार त्यांच्याकडे बघत राहिली.

आई आली तेव्हा अजून उजेड होता. तिने चपला काढल्या आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला लावता लावता गॅलरीकडे पाहिलं. पिशवी खुंटीला लागलीच नाही. ती खाली पडली, आत चष्म्याचं रिकामं घर खडखडलं.

"कुणी धुतला?"

"मी," खार म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा नव्हती. "शिडांसाठी. आधी धुवायचं असतं."

आई शर्टाजवळ गेली. ओला शर्ट तिने दोन्ही हातांनी धरला आणि त्यात तोंड घातलं. बराच वेळ ती तशीच होती. मग तिने बाह्यांची कोपरं चाचपली. तो बाह्या कायम वर दुमडायचा, तिथे घड्या पडून बसलेल्या असायच्या. त्याही गेल्या होत्या. ती वळली तेव्हा तिच्या कपाळाला, गालांना पाणी लागलेलं होतं.

"मी सांगायला हवं होतं तिला," मास्तर म्हणाले.

"काय सांगणार होतात, अण्णा? मी तरी कुठे सांगितलं होतं कुणाला." ती खाली बसली. बादलीतल्या पाण्यात तिने हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. फेस तिच्या हाताभोवती हळूच जमा झाला.

तेवढ्यात खार आतून ती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तोंड मुठीत गच्च आवळून धरलेलं.

"आई, यात आहे. थोडा. मी आत्ता नाक घातलं तर बाबा... मी लगेच बंद केली. मी जास्त नाही घेतला."

म्हणजे तिला कळलं होतं. कुणी न सांगता, पिशवीत नाक घातल्याबरोबर कळलं होतं.

आईने हात पुसला आणि पिशवी घेतली. तिची बोटं गाठ मारायला गेली आणि थांबली. तिने मास्तरांकडे पाहिलं, जणू ते त्या घरात राहतात हे तिला आत्ताच दिसलं.

"अण्णा, तुम्ही एकदाही घेतला नाहीत."

"तुझं होतं ते."

"तुमचा मुलगा होता तो. घ्या तुम्ही."

"अगं, राहू दे. गाठ मार. तुला होईल अजून..."

"घ्या."

मास्तर पुढे वाकले. आईने मूठ सैल केली. त्यांनी डोळे मिटले आणि जमेल तेवढा लांब श्वास घेतला. ताप भरल्यावर कपाळावर हात ठेवला होता ते, लहानपणी खांद्यावर झोपायचा ते, लाकूड तासताना वाकलेली मान, सगळं त्या एका श्वासात सापडावं म्हणून त्यांनी तो खूप वेळ आत धरून ठेवला.

"येतो?" आईने विचारलं.

आयुष्यभर त्यांनी मुलांना एकच सांगितलं होतं. जे दिसतं ते सांगा, मला आवडेल ते नको. आता दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "प्लॅस्टिकचा येतो. आणि साबणाचा."

आईने स्वतः नाक घालून पाहिलं. मग मान हलवली. "हो. साबणाचाच येतो."

खारीने आपले साबणाचे हात पाठीमागे लपवले. ते पाहिल्यावर आईला रडू फुटलं. तिने खारीला ओढून मांडीवर घेतलं, तिचे हात पुढे काढले आणि तळव्यांवर गाल टेकवले. "छान धुतलास गं," ती हुंदक्यांमधून म्हणत होती. "खूप छान धुतलास." मास्तर स्टुलावर बसून राहिले. दोघींच्या पाठीवर ठेवायला त्यांनी हात उचलला होता, तो मधेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आईनेच मोरीत ओतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढे बरेच दिवस जहाजाचं नाव कुणी काढलं नाही. मग एका रविवारी आईने तो शर्ट इस्त्री करून मास्तरांच्या समोर ठेवला. "कापा," ती म्हणाली. "कॉलर तेवढी मला द्या."

पुढचे पाठ तिघांनी केले. खारीने चहा गाळला. मास्तरांनी कापडाचा उभा धागा ओळखायला शिकवलं आणि शिडाची उभी कड त्याच दिशेला ठेवायला लावली. आईने कडा बारीक दुमडून हाताने शिवल्या. खरं शीड अरुंद पट्ट्या जोडून करतात, म्हणून खारीने पट्टी धरून पेन्सिलीच्या फिकट रेघा मारल्या. बोलणं कामापुरतंच व्हायचं. शेवटी शिडं पातळ खळीत बुडवून वाटीच्या पाठीवर पसरली.

"वारा नसताना ती फुगलेली कशी राहतील?" आईने विचारलं.

"ओली असताना जो आकार दिला, तो वाळल्यावर राहतो," मास्तर म्हणाले.

"पुन्हा भिजली तर?"

"तर जातो."

आईने सुई पिनकुशनमध्ये खोचली.

जहाज आता शिवणयंत्रावर शिडं फुगवून उभं असतं. येणारे जाणारे थांबून बघतात, हातांचं कौतुक करतात. संध्याकाळी दुकानातून आल्यावर आई अजूनही आधी त्याच खोलीत जाते. दार मात्र लोटत नाही, कारण आत जाऊन करायचं काही उरलेलं नाही. थोडा वेळ कपाटापाशी उभी राहते आणि बाहेर येते.

आणि खार काहीही धुण्याआधी विचारते. उशीचा अभ्रा असो, आईचा हातरुमाल असो, घेऊन येते आणि समोर उभी राहते. परवा तिने मास्तरांचा तो विरलेला रुमाल उचलला.

"आजोबा, हा धुवू की ठेवू?"



"धू," ते म्हणाले. "अजून मी आहे."

तिने मान डोलावली. तरी बादलीकडे जाताना रुमाल आधी नाकाशी नेला, आणि दाराआड गेल्यावर बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.